स्वस्तातली, पण जिचं फारसं कुणी नाव घेत नाही अशी चांगली बर्बन (मुख्यतः मक्यापासून केलेली अमेरिकी व्हिस्की) कोणती?

इव्हान विल्यम्सची पांढऱ्या लेबलची 'बॉटल्ड-इन-बाँड' घ्या. केंटकीच्या हेवन हिल कंपनीची ही बर्बन अमेरिकेत साधारण २० डॉलरच्या आसपास मिळते. दुकानात ती बहुधा खालच्या फळीवर असते, त्यामुळे नजर वरच्या देखण्या बाटल्यांवरच अडकते.

माझा भरवसा लेबलवरच्या 'बॉटल्ड-इन-बाँड' या शब्दांवर आहे, कारण ते जाहिरातीचे शब्द नाहीत. त्यामागे १८९७ चा अमेरिकी कायदा आहे. दारू एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली हवी, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान ४ वर्षं मुरलेली हवी आणि बाटलीत बरोबर ५० टक्के अल्कोहोल हवं. पाण्याखेरीज तिच्यात काहीही मिसळता येत नाही. महागड्या बाटल्यांवर पुष्कळदा वयाचा उल्लेखही नसतो, इथे निदान ४ वर्षांची हमी आहे. चवीला कॅरॅमल, व्हॅनिला, जळक्या ओकचा वास आणि शेवटी थोडा तिखटपणा.

मात्र ५० टक्के म्हणजे घसा चटकतोच, नवख्याला तर जास्तच. चमचाभर पाणी घाला, किंवा एखादा मोठा बर्फाचा खडा. कॉकटेलमध्ये मात्र हीच तीव्रता कामी येते, साखर आणि बिटर्समध्येही (कॉकटेलमध्ये थेंबभर घालायचा कडवट अर्क) चव दबत नाही. खरेदी करताना लेबलचा रंग नीट बघा: काळ्या लेबलची इव्हान विल्यम्स वेगळी आहे. ती ४३ टक्क्यांची, पातळ आणि बरीच साधी.