पीएचडीला गाईड शोधताय? आधी हे बघा

अरे, शिवाजी विद्यापीठात पीएचडी करायचीच असेल तर आधी विषय नको, गाईड बघ. यूजीसीच्या २०२२ च्या नियमाने प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएटला ६ आणि असिस्टंटला ४च विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे सर कितीही भारी असले तरी जागा रिकामी आहे का ते डिपार्टमेंटला जाऊन विचार, नुसत्या मेलवर राहू नकोस. आणि रिटायरमेंटला ३ वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर ते नवीन विद्यार्थी घेऊच शकत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं, सहा महिने चहा पाजण्यात गेले बघ! त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना एकटं गाठून विचार, सर चॅप्टर वाचून परत किती दिवसांत देतात. फेलोशिपसाठी सारथी (मराठा-कुणबी), बार्टी (अनुसूचित जाती), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) या राज्य सरकारच्या संस्थांपैकी जी तुला लागू असेल तिची जाहिरात बघत राहा.