किती खुर्च्या मांडायच्या?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तुझ्याकडे पहिलं जोडपं येतंय, मुलाची आईही "मी सोबत येते" म्हणतेय, आणि तू विचारलंयस की खुर्च्या किती मांडू. समुपदेशनातलं निम्मं काम या प्रश्नात आहे, म्हणून उत्तर लांबणार. घाईत असशील तर एवढंच वाच: शनिवारी दोन खुर्च्या.

मुळात गाडी रुळावरून घसरते ती फोनवरच. भेटीसाठी फोन दोघांपैकी एकाचाच येतो, बहुतेक वेळा बायकोचा. तो दहा मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नकोस. चाळीस मिनिटं तिची कैफियत ऐकून घेतलीस, तर नवरा खोलीत शिरतो तेव्हा निकाल आधीच लागलाय असं त्याला वाटतं, आणि त्याचं फारसं चुकत नाही. घरात कोण कोण राहतं, पोलिसांत किंवा कोर्टात काही चालू आहे का, आणि आत्ता मोकळेपणाने बोलता येतंय का, एवढंच विचार. नवऱ्याला निरोप तिच्या हाती धाडू नकोस. "मॅडमनी तुम्हाला बोलावलंय" हे त्याला समन्स वाटतं. तिची परवानगी घेऊन तूच फोन कर आणि सांग, "तुमची बाजू मला तुमच्याकडूनच ऐकायची आहे." फी आणि भेट रद्द करायची पद्धतही दोघांना तेव्हाच सांगून टाक.

पहिली भेट दोघांची एकत्र, सव्वा ते दीड तासाची. मग प्रत्येकाची एकेक वेगळी, पाऊण तासाची. चौथी पुन्हा एकत्र. त्यात तुला काय दिसलं ते सांगायचं आणि पुढे काय करायचं ते तिघांनी ठरवायचं. चौथ्या भेटीआधी कसलाही उपाय सुचवू नकोस. पहिल्याच दिवशी "आठवड्यातून एकदा बाहेर जेवायला जा" असा सल्ला दिलास, तर ते दोघं हॉटेलात बसून तेच भांडण करतील आणि वर बिल भरतील.

वेगळ्या भेटी घेण्याआधी गुपितांचा नियम दोघांसमोर स्पष्ट कर. नाहीतर दुसऱ्या भेटीत नवरा सांगतो की ऑफिसात कुणीतरी आहे, "पण हिला कळू देऊ नका", आणि तू त्या क्षणी एका बाजूची होऊन बसतेस. सोपा नियम असा: वेगळ्या भेटीत जे कळेल त्यातलं नात्याच्या कामाला आवश्यक ते एकत्र भेटीत यावं लागेल, कसं आणि कधी आणायचं याला तू मदत करशील, आणायचं नसेल तर एकत्र काम पुढे नेता येणार नाही. हा नियम कागदावर लिहून दोघांची सही घे. अपवाद एकच, मारहाणीचा आणि भीतीचा. ते त्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय तुझ्या तोंडून जोडीदारापर्यंत कधीही जाता कामा नये.

वेगळी भेट खरं तर त्यासाठीच असते. "घरात मारझोड होते का?" असं थेट विचारलं की बहुतेक बायका नाही म्हणतात, कारण एक थप्पड त्यांच्या लेखी मारझोड नसते. म्हणून बारीक विचार. भांडण पेटलं की घरात कोण कोणाला घाबरतं? पगार जमा होतो त्या खात्याचं कार्ड कोणाकडे असतं? माहेरी जायचं ठरवलं आणि ते नको म्हणाले, तर पुढे काय होतं? फोन कोण तपासतं? कधी ढकललंय, दार अडवलंय, गळा धरलाय? गळा धरल्याचं उत्तर आलं तर ते पुढच्या जिवावरच्या धोक्याचं लक्षण समज, "एकदाच झालं होतं" असं तिने सांगितलं तरी. हेच प्रश्न नवऱ्यालाही विचार. धाकात राहणारे पुरुषही असतात आणि त्यांना हे कुणी विचारत नाही. जीव नकोसा होतो का, हेही दोघांना विचार. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांना द्यायला हरकत नाही.

एकजण दुसऱ्याच्या दहशतीत असेल तर एकत्र खुर्च्या मांडायच्याच नाहीत. इथे मन घट्ट कर. तुझ्यासमोर ती जे खरं बोलेल त्याची किंमत घरी गेल्यावर वसूल होते, आणि ती बोलली नाही तर तुझं काम म्हणजे नुसतं नाटक. शिवाय "दोघांचंही थोडं थोडं चुकतं" हे आपलं आवडतं वाक्य तिथे मारणाऱ्याच्या हातात कोलीत देतं. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, आणि त्याखालचे नियम २००६ चे. त्या नियमांत कोर्टाच्या आदेशाने होणाऱ्या समुपदेशनासाठी एक नेमकी तरतूद आहे: हिंसेचं समर्थन समुपदेशनात करू द्यायचं नाही, आणि ज्याच्यावर हिंसेचा आरोप आहे त्याला हे सुरुवातीआधीच बजावायचं. कोर्टाचा आदेश नसला तरी ही शिस्त तू पाळ. तिला वेगळी वेळ दे, महिलांसाठीची १८१ हेल्पलाइन, याच कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी आणि पोलिसांकडचा महिला-बालकांसाठीचा विशेष कक्ष यांची माहिती तोंडी दे. छापील पत्रक पर्समध्ये सापडलं तर नवं संकट. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात असा पहिला कक्ष सुरू केला. आता तसे कक्ष राज्यभर आहेत. तुझ्या भागातला कुठे आहे ते शनिवारच्या आत पाहून ठेव.

दारूचंही तसंच. रोज पिणाऱ्याचं व्यसन बाजूला ठेवून संवाद सुधारत बसू नकोस. आधी व्यसनाचा उपचार, आणि त्या काळात बायकोसाठी स्वतंत्र आधार. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं. व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांवरही काम करावं लागतं हे तिथे नीट शिकायला मिळतं, जमलं तर जाऊन बघ.

आता मुख्य काम. "तुमची समस्या काय?" असं विचारलंस की दोघं एकमेकांवर आरोपपत्र वाचतात. त्याऐवजी गेल्या पंधरा दिवसांतलं एकच भांडण घे आणि पहिल्या वाक्यापासून सांगायला लाव. किती वाजले होते, कोण कुठे उभं होतं, आधी कोण काय म्हणालं, त्यावर मनात काय आलं, मग काय केलं. समज, तो साडेआठला घरी येतो आणि मोबाइल घेऊन सोफ्यावर बसतो. ती म्हणते, "घरात आणखी कुणी राहतं, माहितेय ना?" त्याच्या मनात येतं, आलो नाही तोच सुरू. तो गप्प. तिच्या मनात येतं, याला माझी पडलेलीच नाही. तिचा आवाज चढतो, तो बेडरूममध्ये जातो, ती मागे जाते. हे कागदावर गोल काढून लिही: तिचं बोलणं, त्याचा अर्थ, त्याचं गप्प होणं, तिचा अर्थ. ती जितकी मागे लागते तितका तो आत जातो. तो जितका आत जातो तितकी ती मागे लागते. विषय पैशांचा असो, पोराच्या अभ्यासाचा असो की गणपतीला कोणत्या घरी जायचं याचा, गोल तोच निघतो. स्वतःच्या घरचा हा गोल कागदावर पाहिला की दोघंही जरा थबकतात. इतकी वर्षं एकाला दुसरा दिसत होता, हा गोल दिसत नव्हता. मानसशास्त्रज्ञ स्यू जॉन्सन यांच्या जोडप्यांसाठीच्या भावनाकेंद्री पद्धतीचा हाच पाया आहे, आणि त्यात साधारण आठ ते वीस भेटी धरतात.

अमेरिकी संशोधक जॉन गॉटमन यांनी नातं पोखरणाऱ्या चार सवयी सांगितल्या: टीका, तुच्छता, बचावाचा पवित्रा आणि भिंत होऊन बसणं. सगळ्यांत वाईट तुच्छता. ती आपल्याकडे शिवीतून क्वचित येते. ती "तुमच्याकडे असंच असतं" यातल्या "तुमच्याकडे"मधून येते. माहेरावर किंवा सासरवर गेलेलं वाक्य तिथल्या तिथे थांबव आणि मूळ तक्रार एका माणसाच्या एका वागण्यापुरती मांडून घे. "तुझ्या आईने तुला काही शिकवलंच नाही" याच्या जागी "काल पाहुण्यांसमोर तू उठून गेलीस, मला ओशाळल्यासारखं झालं, पुढच्या वेळी मला सांगून जा." प्रसंग, भावना, मागणी. मागणी नसली तर ती नुसती कुरकुर ठरते.

अबोल्याचे दोन प्रकार ओळखायला शीक. एक शिक्षा म्हणून धरलेला. तो आठ-आठ दिवस चालतो. दुसरा डोकं भरून वाहतंय म्हणून आलेला. भांडणात नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की माणसाला समोरचं बोलणं ऐकूच येत नाही, मग तो भिंत होतो. त्यावर उपाय विश्रांतीचा, निदान वीस मिनिटांचा. पण ही विश्रांती हमखास फसते. तो "मला वेळ हवाय" म्हणून चप्पल घालतो आणि रात्री एकला परततो. तिच्या लेखी ते पुन्हा सोडून जाणंच झालं. म्हणून थांबायचं ज्याने म्हटलं, त्यानेच परत यायची वेळ सांगायची आणि त्यानेच विषय पुन्हा काढायचा. मधल्या वेळात मनात वाद घोळवत राहिलं तर नाडी उतरत नाही. कपड्यांच्या घड्या घाल, गच्चीवर चक्कर मार, काहीही कर.

गृहपाठ लहान दे. रोज पंधरा मिनिटं, टीव्ही बंद, एकाने तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं, मग पाळी बदलायची. उपाय सुचवायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात "वेळच मिळाला नाही" असं ऐकायला मिळेल. रागावू नकोस. नेमकं काय आडवं आलं ते विचार. बहुतेकदा तोच गोल सापडतो. घरकामाची यादी करायला देशील तेव्हा लक्षात ठेवण्याचं कामही कामच धर. भाजी तो आणत असेल, पण काय संपलंय ते रोज तीच सांगत असेल, तर ते काम अजून तिचंच आहे. आणि एक आधीच सांगून ठेव: तीन-चार आठवडे बरं चाललं की एकदा जोरदार भांडण होईल. सांगितलेलं नसेल तर त्या भांडणाला ते "सगळं फुकट गेलं" म्हणतात आणि येणं बंद करतात.

एकाने मनातून बाहेर पडायचं दार उघडून ठेवलंय असं दिसलं, तर हा गृहपाठ देऊच नकोस. अमेरिकी कुटुंब-समुपदेशक विल्यम डोहर्टी यांनी अशा जोडप्यांसाठी एक ते पाच भेटींची वेगळी पद्धत मांडली आहे: आहे तसं चालू ठेवायचं, वेगळं व्हायचं, की सहा महिने मनापासून प्रयत्न करायचा, एवढंच ठरवायचं. संसार टिकवणं हे तुझ्या कामाचं माप नव्हे. नीट वेगळं होणं, आणि पोराला साक्षीदार न करणं, हेही काम आहे. "तुला कोणाकडे राहायचंय?" हा प्रश्न मुलाला तू कधीच विचारू नकोस. आणि "बाबांना सांग, पान वाढलंय" अशी टपाल्याची नोकरी ते करत असेल, तर पहिल्या महिन्यात त्याला त्यातून मोकळं कर.

तुला नक्की विचारतील, "मॅडम, तुमचं लग्न झालंय का?" खरं ते एका वाक्यात सांग आणि पुढे म्हण, "माझ्या अनुभवावर तुमचं घर बेतायचं नाहीये."

आता तिसरी खुर्ची. घरच्यांना बोलावणं ही काही परदेशी कल्पना नव्हे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू देऊन राहवून घेतलं होतं. तेव्हा आईंना बोलावू नकोस असं माझं म्हणणं नाही; आधी बोलावू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तीन पिढ्यांचा नकाशा काढ: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, नात्याच्या रेषा. वडील लवकर गेले आणि आईने एकटीने वाढवलं, हे कागदावर आलं की "आईवेडा" हा शब्द आपोआप गळतो. मग दोघांना ठरवू दे की आईंकडे नेमकं काय मागायचं आहे. स्वयंपाकघर कोणाचं, बेडरूमचं दार कधी वाजवायचं, पगारातलं किती घरात द्यायचं. ते ठरलं की मुलाने स्वतः आईशी बोलायचं. त्याच्या तोंडून "ती म्हणते" हे दोन शब्द निघाले की सगळं फुकट. "आम्ही दोघांनी ठरवलंय" असंच वाक्य हवं. खोलीतच दोन-तीनदा म्हणून घे, पुरुषांना ते फार जड जातं. मुलीची आई रोज तीनदा व्हिडिओ कॉल करत असेल तर हाच नियम तिच्या बाजूनेही. एवढी तयारी झाल्यावर तिसरी खुर्ची मांड, आणि त्या दिवशी सगळ्यांत आधी आईंना बोलू दे.

शनिवारी त्या आल्याच, तर दारातून परतवू नकोस. पाणी दे, दोघांसमोर पाच मिनिटं बसव, "काकू" म्हण. सून "आई" म्हणते तो शब्द तू घेऊ नकोस. सांग, "घरातलं तुम्हाला बरंच दिसत असणार, मला ते ऐकायचंय. या दोघांबरोबर चार भेटी झाल्या की तुम्हाला मी स्वतः फोन करेन." तारीख डायरीत त्यांच्यासमोर लिही. मग बाहेर पंख्याखाली त्यांची सोय कर आणि दार लावून घे. आणि हो, तुझ्या खोलीचं दार पाठीशी येईल असं मुलाला बसव; समोर असलं तर तो सारखा तिकडेच बघत राहील.