सहाशे हॉर्सपॉवरची सेडान रोजच्या रस्त्यावर घेऊन उपयोग आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे की पैसे जमलेत, बीएमडब्ल्यू एम फाईव्ह मनात भरलीय, महिन्यातून चार-पाच वेळा कोल्हापूर-पुणे होतं आणि बाकी गावातच फिरणं, तर एवढी फास्ट गाडी घेण्यात अर्थ आहे का. मी मालक नाही, ड्रायव्हर आहे. शिरोली एमआयडीसीत मालकांची फाउंड्री आहे, त्यांच्याकडे आधीच्या पिढीतली एम फाईव्ह कॉम्पिटिशन (एम फाईव्हचंच जास्त ताकदीचं मॉडेल) होती, ती मी पाच वर्षं चालवली, त्यामुळे जे सांगतोय ते स्टिअरिंगमागे बसून बघितलेलं आहे.

थेट उत्तर देतो. रोजच्यासाठी घेऊ नका. पैसे वाया जातील म्हणून म्हणत नाही, ते तुमचे आहेत. माझं कारण वेगळं आहे, ते खाली सांगतो, पण आधी गाडीबद्दल बोलू द्या कारण गाडीवर माझा खरंच जीव होता.

४.४ लिटरचं व्ही एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बो, ६२५ हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर ३.३ सेकंदात. स्टिअरिंगवर दोन लाल बटणं असतात, एम वन आणि एम टू, त्यात आपलं सेटिंग सेव्ह करून ठेवायचं, मी एम वनला सस्पेन्शन सगळ्यात मऊ आणि इंजिन सगळ्यात शांत ठेवलं होतं आणि पाच वर्षांत बहुतेक सगळा प्रवास त्याच्यावरच झाला. यातच अर्धं उत्तर आलं बघा. सपाट रस्त्यावर शंभरच्या स्पीडने नुसतं चालत राहायला अशा गाडीला वीस-पंचवीस हॉर्सपॉवर पुरतात, वाऱ्याचा रेटा आणि टायरचं घर्षण धरून. दोनशेला शंभर-सव्वाशे लागतात. म्हणजे बाकीचे पाचशे फक्त स्पीड वाढवतानाच्या त्या काही सेकंदांसाठी आहेत, आणि ते सेकंद आपल्या रस्त्यावर मिळतात कुठे? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला लिमिट १००, समृद्धीला १२०, आणि जुलै २०१९ नंतर बनलेल्या प्रत्येक नव्या गाडीत ८० च्या पुढे गेलं की बीप वाजायला लागतो आणि १२० च्या पुढे तो थांबतच नाही.

पुणे-कोल्हापूर सव्वादोनशे-दोनशे तीस किलोमीटर. खेड-शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी हे चार टोलनाके, मधे खंबाटकी घाट, आणि सहापदरीकरणामुळे जागोजागी डायव्हर्जन. मालकांच्या जुन्या डिझेल सेडानने मला चार तास लागायचे. एम फाईव्हने पण चारच. कधी पावणेचार. हे मी कित्येकदा घड्याळ लावून बघितलंय कारण मालक विचारायचे, "काय रे, किती वाचले?" आणि दहा-पंधरा मिनिटांच्या वर सांगायला मला कधी काही मिळालं नाही.

या गाड्या जिथल्या आहेत तिथे त्यांना अर्थ आहे, हे मान्यच करायला पाहिजे. जर्मनीत ऑटोबान म्हणजे तिथल्या हायवेच्या बऱ्याच पट्ट्यांवर लिमिट नाही, १३० ही फक्त शिफारस आहे, आणि तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, उजवीकडून ओव्हरटेक करायला बंदी असल्यामुळे डावी लेन मोकळी सोडायची सवय लोकांना आहे. मर्सिडीजची जुनी ५०० ई तर पोर्शच्या मदतीने बनवलेली, १९९० पासून, दिसायला टॅक्सी म्हणून धावणाऱ्या साध्या मर्सिडीजसारखी आणि आत व्ही एट. अशी गाडी तिथल्या माणसाला सकाळी एका शहरातून निघून दुपारी दुसऱ्या शहरात न थकता पोचवायची. आपल्याकडे उजव्या लेनला ट्रक चाळीसने चाललेला असतो, त्याला काय सांगणार.

आता माझं खरं कारण. चार वर्षांपूर्वीची जानेवारीतली संध्याकाळ, साखर कारखान्यांचा हंगाम जोरात, मालक मागे झोपलेले, पेठ नाका सोडून मी कोल्हापूरकडे येत होतो. रस्ता मोकळा दिसला आणि कधी १४० झाले मला कळलंच नाही. या गाडीत ते कळतच नाही, काचा जाड, आवाज नाही, गाडी रस्त्याला चिकटलेली, दुसऱ्या गाडीत ८० ला जेवढं वाटतं तेवढंच इथे १४० ला वाटतं. पुढे डिव्हायडरला कट होता आणि तिथे एक म्हातारे काका मोटरसायकलवर मागे वैरणीचा भारा बांधून उभे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं, आणि माझी गाडी लांब आहे असं समजून मोटरसायकल रस्त्यात घातली. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. ब्रेक जबरदस्त होते म्हणून गाडी सरळ रेषेत थांबली, त्यांच्यात आणि बोनेटमध्ये आठ-दहा फूट राहिले असतील. काका शिव्या देतील असं वाटलं होतं. ते काहीच बोलले नाहीत, हँडल घट्ट धरून तसेच उभे, एक पाय थरथरत होता.

त्या रात्री झोप लागली नाही, हिशोब करत बसलो. अडीचशे मीटरवरची गाडी नव्वदने येत असेल तर पोचायला दहा सेकंद लागतात. काका आयुष्यभर त्या कटातून शेतात ये-जा करत असणार, दहा सेकंदात आपण पलीकडे जातो हे त्यांना पक्कं माहीत. १४० ने तेच अंतर साडेसहा सेकंदांत संपतं. आणि १०० वरून थांबायला जेवढी जागा लागते त्याच्या जवळपास दुप्पट १४० वरून लागते. लांबून माझी गाडी साधी काळी सेडानच दिसते हो, तिच्यात काय इंजिन आहे हे त्यांनी कसं ओळखायचं? त्यांचा अंदाज रस्त्यावरच्या बाकी सगळ्या गाड्यांसाठी बरोबर होता.

गाडी चांगली आहे, ब्रेक चांगले आहेत, ड्रायव्हर अनुभवी आहे, हे सगळं फक्त आपल्याला माहीत असतं. कटात उभा असलेला माणूस, विना टेललाईटची उसाची डबल ट्रॉली, शाळेतून सायकलवर घरी जाणारी पोरं, यांच्यातल्या कुणालाच ते माहीत नसतं. त्या दिवसापासून मी हायवेला ९० च्या वर गेलो नाही, मालकांना सगळं सांगून टाकलं, त्यांनी एका शब्दाने अडवलं नाही.

बाकी त्रास लहान आहेत. टायर ३५ प्रोफाईलचे, म्हणजे साईडची उंची कमी, २० इंची, कराडच्या अलीकडे एका पुलाच्या सांध्यावर टायरची साईड फाटली, त्यात गाडीचा काही दोष नाही, रस्ताच तसा, पण त्या साईझचा टायर कोल्हापुरात मिळेना आणि तीन दिवस गाडी उभी. गावातल्या स्पीडब्रेकरला तिरकी घालून काढायची. मालकांच्या आईंना मागच्या सीटवर कंबरेला दणके बसायचे, त्या नंतर-नंतर गाडीत बसायलाच नको म्हणायच्या.

ओव्हरटेकची गोष्ट मात्र खरी आहे. आंबा घाटाच्या रस्त्याला दुपदरीवर एसटीच्या मागे अडकलात तर ६० वरून १०० व्हायला दोन सेकंदांच्या आसपास लागतात आणि जीव भांड्यात पडतो. पण त्याच्यासाठी सहाशेची गरज नाही, बीएमडब्ल्यूचीच जुनी डिझेल ५३० डी २६५ हॉर्सपॉवरमध्ये ते काम आरामात करायची, स्कोडाची सुपर्ब १९० मध्ये जरा वेळ घेऊन करते.

आत्ताची नवी एम फाईव्ह बघत असाल तर ती हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर बॅटरीवरची मोटर, २०२४ ला आली, ७२७ हॉर्सपॉवर पण वजन २४०० किलोच्या वर, त्यामुळे शंभर गाठायला ३.५ सेकंद, जुनीपेक्षा थोडी हळूच. तिच्यात एक गोष्ट मला मनापासून पटली, चार्ज करून ठेवली तर गावातल्या गावात साठेक किलोमीटर पेट्रोल न जाळता फिरते.

तरीही मन ऐकत नसेल तर शोरूमवाल्यांच्या ठरलेल्या रस्त्यावर टेस्ट ड्राईव्ह घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी सातला मागा, घरच्यांना मागे बसवा, किणी टोलनाक्यापर्यंत जाऊन या, आणि जाताना डिव्हायडरला किती कट आहेत ते मोजत जा.