नवीन कुत्रं घरी आणलंय? मग पहिलं एवढंच करा

रस्त्यावरचं पिल्लू घरात घेतलंत, लई चांगलं केलंत बघा. आता घाई नको, पहिले काही आठवडे त्याला घर कळायलाच लागतात. आधी घरातल्या सगळ्यांनी बसून नियम ठरवा, सोफ्यावर चालणार का, स्वयंपाकघरात यायचं का. आज्जी ताटातली भाकरी टाकणार आणि तुम्ही ताटाजवळ आलं म्हणून ओरडणार, मग त्या बिचाऱ्याला काय कळायचं? बहुतेकांचं इथंच चुकतंय.

- शी-शूला उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर बाहेर न्या. बाहेर केलं की तिथंच लगेच खाऊ द्या, घरात येऊन दिला तर कशाचा ते त्याला समजत नाही. बेळगावात जुलैच्या पावसात ते दारातूनच मागं फिरतंय, तर पत्र्याखालची एक जागा ठरवा आणि छत्री घेऊन तुम्हीपण उभारा की. घरात झालं तर मारू नका, नाक घासू नका, त्यानं ते फक्त लपून करायला शिकतंय.
- अंगावर उडी मारली की पाठ फिरवा, चारी पाय खाली आले की लाड करा.
- प्रेमानं कुंदा (आपली बेळगावची दुधाची मिठाई) भरवू नका, चॉकलेट, द्राक्षं, कांदा तर अजिबात नको.

रेबीजची लस झाली नसेल तर उद्याच डॉक्टरकडं न्या. हँडशेक, रोलओव्हर (लोळण घेणं) वगैरे कसं शिकवायचं ते नंतर सांगतो.