दूध आटलं नाही, बाळाची झोप बदलली

प्रश्न : माझा मुलगा साडेचार महिन्यांचा आहे. बार्शीला माहेरी होते तोवर रात्री सलग चार-पाच तास झोपायचा. सोलापूरला, अशोक चौकाजवळ सासरी आल्यापासून दर तासा-दीड तासाला उठतो. झोळी हलवली की झोपतो, हात थांबला की रडतो. सासूबाई म्हणतात, तुझं दूध आटलंय, वरचं सुरू कर. शेजारच्या काकू जायफळ उगाळून चाटवायला सांगतात. शेजारी रात्रभर माग चालतो, त्याने तर होत नसेल?

उत्तर : आधी दुधाचं मिटवू, कारण खरी झोप त्यानेच उडालीय, तुमची. दूध पुरतंय की नाही हे रात्रीच्या जागरणावरून ठरत नाही. चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त वेळा लंगोट भिजतो का आणि वजन वाढतंय का, हे बघायचं. लसीकरणाच्या कार्डावर वजन लिहिलेलं असतं. बहुतेक बाळांचं वजन पाचव्या महिन्याच्या आसपास जन्माच्या दुप्पट होतं. तुमचं लेकरू त्या वाटेवर असेल तर दूध भरपूर आहे. सासूबाईंना हे माझ्या नावावर सांगा, तुमच्या नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की घरात वाद होत नाही, असा माझा अनुभव आहे.

मग झालं काय? तान्हं बाळ डोळा लागल्या लागल्या चुळबुळीच्या, हलक्या झोपेत शिरतं. म्हणून ते झोपेत हसतं, तोंड वेडंवाकडं करतं. तीन-चार महिन्यांचं झालं की मेंदू झोपेची घडी बदलतो. मोठ्यांसारखी आधी गाढ, मग हलकी, अशी फेरी सुरू होते. बाळाची एक फेरी साधारण पन्नास मिनिटं ते तासभर चालते आणि ती संपली की अर्धवट जाग येते. जाग तुम्हा-आम्हालाही येते, आपण कूस बदलतो आणि सकाळी आठवतही नाही. तुमचा मुलगा झोळीच्या झोक्यात झोपलाय. फेरी संपली, झोका थांबलेला. मग तो तोच झोका मागतो. तुमचं ‘तासा-दीड तासाला’ म्हणजे या फेऱ्याच आहेत. त्यातच घर बदललं, माणसं बदलली. मात्र हे सगळ्याच मुलांत होतं असं नाही आणि अमक्याच महिन्यात होतं असंही नाही.

मागाला दोष देऊ नका. एकसुरी खडखडीला लेकरं लवकर सरावतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, मागांच्या वस्तीतल्या आया उलटीच तक्रार घेऊन येतात, की रात्री लाईट गेली, माग थांबला आणि बाळ दचकून उठलं. फक्त माग त्याच खोलीत असेल तर बाळाला दुसऱ्या खोलीत झोपवा, ते कानांसाठी.

आता करायचं काय ते. सकाळी उठल्यावर त्याला ओसरीवर, उजेडात आणा. रात्री दूध पाजताना ट्यूबलाईट लावू नका, झिरोचा दिवा पुरे. चौथ्या महिन्यात बाळाचं लक्ष फार फाटतं. कुणी बोललं की तोंड सोडून तिकडे बघतं, दिवसा अर्धपोटी राहतं आणि रात्री भरपाई करतं. म्हणून दिवसा दोन-तीन वेळा तरी आतल्या खोलीत, दार ओढून पाजा. आणि संध्याकाळच्या एखाद्या झोपेला झोळीऐवजी, पेंगुळलेला पण जागा असताना, सपाट अंथरुणावर ठेवून थोपटा. एकदाच, तीही पहिल्या झोपेला. मध्यरात्री प्रयोग नकोत, तेव्हा काय करून झोपतोय ते करा. काही आठवडे जातील.

झोळीबद्दल मी जरा कडक आहे. कुणी समोर बसलं असेल तर दिवसा चालेल. रात्रभर नको. झोळीत मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. बाळ उताणं, सपाट, घट्ट गादीवर झोपवावं. मोहरीची उशी नको, आणि आपली सोलापुरी चादर कितीही लाडकी असली तरी ती बाळाच्या अंगावर सैल टाकायची नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात पातळ सुती झबलं बास होतं.

जायफळ मुळीच नको. दगडावर किती उगाळलं गेलं याचं माप कुणाकडेच नसतं आणि जास्त झालं तर ते विषारी ठरतं. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध, आणि डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब किंवा औषध असेल तर तेवढंच. पाणीसुद्धा नको. मधाचं बोट वर्षभर नको.

बदल अचानक असेल तर आजारपण आधी तपासा. ताप, कान ओढणं, दूध नाकारणं, छातीत घरघर, आडवं केल्यावरच वाढणारं रडणं, यातलं काही असेल तर दाखवून घ्या. बाळ एकदम मलूल वाटलं तर सकाळची वाट बघू नका.

प्रश्न : मुलगी साडेनऊ महिन्यांची. मी गेल्या महिन्यात शाळेत पुन्हा रुजू झाले, ती आजोबांजवळ असते. रात्री दोनला पलंगाची दांडी धरून उभी राहते, हसते, मग भोकाड पसरते. मी न्हाणीत गेले तरी रडते. माझ्या नोकरीचा परिणाम का?

उत्तर : नोकरीचा थोडा, वयाचा जास्त. तिला उभं राहता येतं, खाली बसता येत नाही. दांडी सुटेना म्हणून ती रडते. आजोबांना काम द्या. दिवसा तिला खाटेशी उभी करायची, खेळणं खाली ठेवायचं, गुडघे वाकवून बसायला शिकवायचं, पुन्हा पुन्हा. रात्री फक्त खाली बसवा, थोपटा, गप्पा मारू नका.

आई दिसेनाशी झाली तरी ती कुठेतरी असते, हे या वयात नुकतं कळलेलं असतं. परत कधी येणार ते मात्र कळत नाही. तेव्हा तिची नजर चुकवून शाळेला पळू नका. रडली तरी ‘टाटा’ करूनच निघा. पदराआडून ‘बुवा कूक’ भरपूर खेळा.

प्रश्न : मुलगा एक वर्ष दहा महिन्यांचा. ऊन वाढल्यापासून रात्री साडेअकराशिवाय झोपत नाही. दुपारी साडेतीन ते सहा कुलरपुढे झोपतो, सकाळी आठला उठतो. झोपेचं औषध द्यावं का? की दुपारची झोप बंद करू?

उत्तर : दोन्ही नको. हिशेब करा. रात्रीचे साडेआठ तास, दुपारचे अडीच, झाले अकरा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत अकरा ते चौदा तास झोप लागते. म्हणजे झोप काठावर का होईना, पुरतेय, नुसती पुढे सरकलीय. आपल्याकडे उन्हाळ्यात अख्खं घर दुपारी आडवं होतं आणि दिवेलागणीनंतर अंगणात उतरतं, पोरगंही तेच करतंय.

सकाळी रोज पंधरा-वीस मिनिटं आधी उठवा आणि दुपारचं जेवण लवकर उरकून एक-दीडलाच झोपवा. साडेतीनला उठवाच, चिडला तरी. तास-दोन तास जास्त झोप हवी असेल तर तो ती आपण होऊन रात्री काढेल. रात्री जेवणानंतर त्याच्या हातात मोबाईल नको, आणि बाबांचा त्याच्या शेजारी पडून चाललेला मोबाईलही त्यात आला.

कुलरचा झोत थेट अंगावर घेऊ नका. पाणी रोज येत नाही हे मलाही ठाऊक आहे, तरी आठवड्यातून एकदा कुलरची टाकी रिकामी करून, घासून कोरडी करा. डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.