‘ऋतंभरा’ ठेवा, पण टिंब सांभाळा

कराडच्या ताई, दीड महिन्याच्या लेकीचं नाव ‘ऋतंभरा’ ठेवावं का, अर्थ काय आणि सासूबाई म्हणतात तसं ते जिभेला जड आहे का, असं तुम्ही विचारलंय. चौदा वर्षांपूर्वी साताऱ्यात मीही हेच विचारत फिरत होते. खुशाल ठेवा. आमच्या वन्संनी पाळण्यापाशी ‘कुर्रर्र’ करून एका दमात म्हटलं होतं.

‘ऋत’ म्हणजे सृष्टी ज्या नियमानं चालते ते सत्य. वेदांत वरुण त्याचा राखणदार. ते धारण करणारी ती ऋतंभरा. पतंजलींच्या योगसूत्रांत, समाधिपाद या पहिल्या भागात ४८वं सूत्र आहे, ‘ऋतम्भरा तत्र प्रज्ञा’. लोक ‘ऋतूंनी भरलेली’ असं ठोकून देतात, ते सोडून द्या. साध्वी ऋतंभरांमुळे नाव ऐकलेलं सगळ्यांनी असतं, पण लेकीच्या शाळेत दुसरी अजून भेटली नाही.

आता माझी चूक. जन्मदाखल्यात नाव घालायला गेले आणि नाव तोंडी सांगितलं. कच्ची प्रत समोर आली तेव्हा लेक खांद्यावर रडत होती; तारीख आणि आडनाव तेवढं बघून सही ठोकली. घरी येऊन बघते तर ‘ऋतभरा’. परत गेले. तिथले साहेब म्हणे, “एका टिंबानं काय होतंय?” मग दवाखान्याचं पत्र आणा, दवाखाना म्हणे आमच्याकडे नावाचा रकाना कोराच होता, मग प्रतिज्ञापत्र करा. तिसऱ्या खेपेला दाखला मिळाला, त्यावर ‘ऋंतभरा’! टिंब एक घर मागे. मी विचारलं, वसुंधरेतलं, विश्वंभरातलं टिंब असं सरकवता का हो? ‘ऋत’ आणि ‘भरा’ यांच्या मध्ये येणारा ‘म्’ आहे तो. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि जेवणाच्या सुट्टीची पाटी लावली. कुठलं ऑफिस ते सांगत नाही. पाच खेपा झाल्या एवढं खरं.

म्हणून नाव मोठ्या अक्षरांत, मराठी-इंग्रजी दोन्हींत कागदावर लिहून न्या. इंग्रजीत आपल्या उच्चाराप्रमाणे आर-यू घ्या, हिंदीवाल्यांसारखं आर-आय नको, हे माझं मत. पण जे घ्याल तेच आधारपासून शाळेपर्यंत ठेवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांचा तर जन्मदाखलाच शाळाप्रवेशाला आणि पासपोर्टला धरतात. नावाशिवाय नोंद झाली असेल तर १२ महिन्यांत नाव फुकट घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. मी काही वकील नाही, जन्मनोंदणीच्या ऑफिसात एकदा विचारून घ्या. पण कच्ची प्रत वाचताना बाळ दुसऱ्या कुणाकडे तरी द्या.

आणि हो, पत्रिकेवरून वाद निघाला तर सासूबाईंना सांगा, ‘री’ चित्रा नक्षत्राचं अक्षर, ‘रू’ स्वातीचं. कसंही म्हटलं तरी रास तूळच.