पगार फ्रँकमध्ये, हिशेब कशात?

प्रश्न : झुरिकमधून वर्षभराचं कॉन्ट्रॅक्ट आलंय, महिना 8,500 फ्रँक. पत्नी आणि मुलगी सोबत येतील. कोथरूडचा फ्लॅट भाड्याने देऊन जावं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आकड्याला रुपयाच्या दराने गुणू नका, तिथल्या खर्चात मोजा. पगारातून सामाजिक विमा, पेन्शन आणि कर आधीच कापले जातात. आरोग्यविमा मात्र बहुधा स्वतःच्या खिशातून, तोही तिघांचा वेगवेगळा. तो घ्यायला 3 महिन्यांची मुदत असते, पण हप्ता पोहोचल्या दिवसापासूनच लागतो. इथेच बरेच जण फसतात. घराचं डिपॉझिट 3 महिन्यांच्या भाड्यापर्यंत असू शकतं आणि ते बँकेत अडकून राहतं. म्हणजे पहिला पगार हाती यायच्या आधीच मोठी रक्कम लागते.

कॉन्ट्रॅक्टमध्ये सुट्टीचे पैसे मिळतात का आणि नोटीस किती, हे लेखी घ्या. ‘कॉन्ट्रॅक्ट वाढेल हो’ या तोंडी आश्वासनावर फ्लॅट 3 वर्षांसाठी भाड्याने देऊ नका. 11 महिन्यांचा करार पुरे. शक्यतो सप्टेंबरच्या मध्यापूर्वी निघा. आर्थिक वर्षात भारतात 182 दिवस भरले, तर तिथला पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. तिघांसाठी हा पगार ओढाताणीचा वाटतो. एकट्याने गेलात तर शिल्लक पडेल.